किहीमकर खेळतात इस्रायलकडून

इस्रायलच्या राष्ट्रीय क्रिकेट संघाचे जुने धावफलक चाळायला घ्या. दोनचार परदेशी वळणाची नावं नजरेखालून जातात आणि मग एकदम समोर येतं, आवासकर. आणखी काही सामने पाहावेत तर किहीमकर. पुढे कुठेतरी नागावकर. क्षणभर वाटतं, मुंबईच्या कांगा लीगचा कागद चुकून या ढिगात आला असावा. पण वर संघाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं: इस्रायल.

अलिबागहून मांडव्याच्या रस्त्याला लागलं की किहीम येतं, त्याच्या पुढे आवास. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, रेवदंड्याच्या वाटेवर. तिन्ही गावं एका दुपारीत स्कूटरवरून पाहून होतात. नारळीपोफळीच्या वाड्या, तांबडी माती, समुद्राचा वारा. या गावांची नावं अंगावर घेऊन काही माणसं चार हजार किलोमीटर दूरच्या देशाकडून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळली, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. आज त्यामागची सगळी गोष्ट माहीत झाल्यावर तर ते आश्चर्य कमी न होता वाढलंच आहे.

ही माणसं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की फार फार पूर्वी, दोन हजार वर्षं किंवा त्याहूनही आधी, त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेली प्रेतं तिथेच पुरली गेली. नवगावला आजही त्या आठवणीचं स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, शेती केली, मराठी बोलू लागले आणि गावागावांत पांगले. धर्मग्रंथ समुद्रात गेले होते. हिब्रूही हळूहळू विसरली गेली. उरली ती ‘शेमा’ ही एकच प्रार्थना, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारचा विसावा. घाणा शनिवारी बंद. म्हणून आसपासच्या लोकांनी त्यांना नाव दिलं, शनिवार तेली. देव कुठला, ग्रंथ कुठला, याची कुणी चौकशी केली नाही. ही माणसं कुठल्या दिवशी काम करत नाहीत, एवढ्यावर गावाने त्यांना ओळखलं आणि आपल्यात सामावून घेतलं.

पुढे केव्हातरी डेव्हिड राहबी नावाचा एक बाहेरचा ज्यू त्यांच्याकडे आला. हे खरंच आपल्यातले का, हे ताडून पाहायला त्याने बायकांपुढे वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले अशी कथा आहे. पर आणि खवले नसलेले मासे त्यांनी बाजूला काढले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. ज्यू धर्माचा आहारनियम हाच. मग राहबीने त्यांना विसरलेले सण आणि प्रार्थना पुन्हा शिकवल्या. गावाच्या नावाला ‘कर’ लावून शंभरावर आडनावं या समाजात तयार झाली. ज्यांनी आपलं आडनाव न लावता वडिलांचं नाव लावलं ते सॅम्युअल, रूबेन, इझिकेल झाले. हायम सॅम्युअल किहीमकर यांनी 1875 साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी इस्रायली शाळा काढली. त्यांनीच समाजाचा मोठा इतिहास लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर 1937 साली तेल अवीवमध्ये छापला गेला. किहीम गावाचं नाव ज्यू इतिहासाच्या एका मूळ ग्रंथावर आधी गेलं आणि क्रिकेटच्या धावफलकावर नंतर.

आता थोडं युरोपात जाऊन यायला हवं. ज्यू लोक आपल्या खेळाडूंची नावं इतक्या प्रेमाने का जपतात, पोटापाण्याच्या गप्पांतही अमुक विश्वविक्रमी जलतरणपटू आपला होता हे आवर्जून का सांगतात, ते तिथे गेल्याशिवाय समजत नाही.

युरोपात ज्यू माणसाबद्दल एक समज शतकानुशतकं घट्ट बसला होता: वाकलेली पाठ, फिकट चेहरा, पुस्तकात खुपसलेलं नाक, मारामारीत मागे. 1898 साली बाझेलला झालेल्या दुसऱ्या झायोनिस्ट परिषदेत डॉक्टर आणि लेखक मॅक्स नॉर्डाव यांनी या समजाला उत्तर म्हणून ‘स्नायूंचा ज्यू धर्म’ ही कल्पना मांडली. ज्यू तरुणांनी छाती पुढे काढून तालमीत उतरावं, असं त्यांचं म्हणणं. ऑस्ट्रियातले कितीतरी क्रीडासंघ ज्यूंना सभासद करून घेत नसत. म्हणून 1909 साली व्हिएन्नात ज्यूंनी स्वतःचाच क्लब काढला, हाकोआ, म्हणजे ‘शक्ती’. फुटबॉल, पोहणं, कुस्ती, तलवारबाजी, हॉकी, सगळं तिथे होतं. खेळाडूंच्या सदऱ्यावर सहा टोकांची चांदणी असे. लपवायची खूण छातीवर लावूनच मैदानात जायचं, असा तो बाणा. 1923 च्या सप्टेंबरात हाकोआच्या फुटबॉल संघाने लंडनला जाऊन वेस्ट हॅमचा 5-0 असा धुव्वा उडवला. हाच वेस्ट हॅम त्या वर्षी एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात खेळला होता. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या एखाद्या क्लबने इंग्लिश क्लबला त्याच्या घरच्या मैदानावर हरवलं, ते पहिल्यांदाच. 1925 साली हाकोआ ऑस्ट्रियाचा विजेता ठरला. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा क्लबला कुलूप लागलं, मैदान हिसकावून घेतलं, निकालही पुसले गेले.

त्याच क्लबची जलतरणपटू युडिथ डॉइच. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला ऑस्ट्रियाने तिची निवड केली. हिटलरच्या अंगणात मी पोहणार नाही, असं तिने कळवलं. तिच्यावर बंदी आली, तिचे विक्रम नोंदवहीतून काढून टाकले. ते परत लिहिले गेले 1995 साली. जवळजवळ साठ वर्षांनी!

आणि आग्नेस केलेती. हंगेरीची ही जिम्नॅस्ट महायुद्धात एका ख्रिस्ती मुलीची कागदपत्रं मिळवून खेड्यात मोलकरीण म्हणून राहिली. वडील आउशवित्झला मारले गेले. युद्धाने तिची उमेदीची सगळी वर्षं खाल्ली. जिम्नॅस्ट ज्या वयात निवृत्त होतात त्या वयात, एकतिसाव्या वर्षी, तिने हेलसिंकीत पहिलं सुवर्ण जिंकलं. पस्तिसाव्या वर्षी मेलबर्नला आणखी चार. एकूण दहा ऑलिम्पिक पदकं. 2025 च्या जानेवारीत ती गेली तेव्हा तिला 104 वर्षं पूर्ण व्हायला एकच आठवडा उरला होता. अशा बाईचं नाव एखादा समाज उठताबसता घेत असेल, तर त्याला कुणी बढाई म्हणू नये. ज्यांना नाहीसं करायचं ठरवलं होतं, त्यांच्यातल्या एकीच्या नावावर जगाला दहा पदकं लिहावी लागली.

याच भावनेतून 1932 साली तेल अवीवमध्ये मक्काबिया सुरू झाली. ज्यूंचं ऑलिम्पिक म्हणतात ते हेच. 1935 च्या दुसऱ्या स्पर्धेला आलेले कितीतरी खेळाडू परत युरोपात गेलेच नाहीत, तिथेच राहिले, म्हणून जगले. भारतातले ज्यू खेळाडूही पुढे या स्पर्धेला गेले. आता ‘मक्काबिया’ या नावातच कोकणाशी जोडलेलं एक नवल दडलं आहे. हे नाव ज्यूदा मक्काबी या योद्ध्याचं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने परकीय राजवटीविरुद्ध बंड केलं आणि जेरुसलेमचं मंदिर सोडवलं. त्या विजयाचा सण म्हणजे हनुका. जगभरचे ज्यू तो साजरा करतात. कोकणातल्या बेने इस्रायलना मात्र हनुका ठाऊकच नव्हता. बाहेरून आलेल्या शिक्षकांनी तो त्यांना शिकवला. त्यावरून काही अभ्यासकांनी तर्क केला, की ज्यूदा मक्काबीची लढाई घडण्याआधीच हे लोक मूळ भूमी सोडून निघाले असतील. हा तर्क सगळ्यांना मान्य नाही, पण तो मनातून जात नाही. जगातल्या ज्यू खेळाडूंचा सगळ्यात मोठा मेळा ज्या वीराच्या नावाने भरतो, त्याचं नावही शनिवार तेल्यांच्या कानावर आलं नव्हतं. तरी शनिवारी घाणा बंदच होता.

शनिवार मोडायचा नाही, सणाचा दिवस मोडायचा नाही, हा आग्रह खेळाच्या इतिहासात किती मोठा होऊ शकतो ते अमेरिकेत दिसलं. 1965 सालचा ऑक्टोबर. बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथला वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा. लॉस एंजेलिस डॉजर्सचा सँडी कोफॅक्स हा त्या काळचा सर्वोत्तम चेंडूफेक्या. पहिला सामना 6 ऑक्टोबरला आला आणि त्याच दिवशी योम किपूर, प्रायश्चित्ताचा उपवास. कोफॅक्स फार देवधर्म करणारा नव्हता. तरी त्याने त्या दिवशी खेळायला नकार दिला. संघ तो सामना हरला. मग सातव्या, निर्णायक सामन्यात, मध्ये जेमतेम दोन दिवसांची विश्रांती घेऊन तो उतरला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव काढू दिली नाही. अमेरिकेतले ज्यू त्या सातव्या सामन्याइतकाच, कदाचित जास्तच, तो न खेळलेला पहिला सामना आठवतात.

योम किपूरला कोकणात दारफळनीचा सण म्हणत. त्या दिवशी बेने इस्रायल पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसत, कुणा बाहेरच्याला शिवतही नसत. पुस्तक हरवलं होतं, सणाचं मूळ नावही हरवलं होतं, तरी दार लागत होतं. कोफॅक्सची बातमी त्या दारांआडच्या माणसांना कुणी सांगितली असती, तर त्यात त्यांना काहीच विशेष वाटलं नसतं, असं मला नेहमी वाटतं.

युरोपातल्या ज्यूंना जो टोमणा रात्रंदिवस ऐकावा लागला तो कोकणात कुणी मारलाच नाही. घाणा ओढणाऱ्या, नांगर धरणाऱ्या, होडीतून फिरणाऱ्या माणसाला ‘तू दुबळा आहेस’ असं कोण म्हणणार? अठराव्या शतकापासून तर हे लोक मोठ्या संख्येने मुंबईच्या फौजेत शिरले आणि आपल्या संख्येच्या मानाने फार वरच्या हुद्द्यांवर पोहोचले. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल, हे त्यांतले एक. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मांडवीतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांची आठवण सांगतो. नॉर्डाव यांनी बाझेलला स्नायूंची हाक दिली त्याच्या शंभर वर्षं आधी कोकणातले ज्यू सुभेदार परेड घेत होते.

म्हणूनच बेने इस्रायल समाजाच्या खेळाच्या अभिमानाकडे युरोपच्या चष्म्यातून पाहू नये असं माझं ठाम मत आहे. इथे कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं. इथला प्रश्न वेगळाच होता. मैदानावर आपण कुणाचे?

कारण मुंबईचं क्रिकेटच धर्मावर उभं होतं. पारशी आणि युरोपियन आधी, मग हिंदू, 1912 पासून मुसलमान. चौरंगी सामने म्हणजे मुंबईचा उत्सव. यात ख्रिस्ती कुठे बसणार? ज्यू कुठे? उत्तर मिळालं 1937 साली, चौरंगीची पंचरंगी झाली तेव्हा. पाचव्या संघाचं नाव ठेवलं ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, बौद्ध, सगळ्यांना मिळून हा एक संघ. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा संघ, पारशांचा संघ, आणि बाकी. दोन हजार वर्षं या किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाचा पत्ता क्रिकेटच्या वहीत काय लिहिला होता, तर ‘बाकी’.

याच उरलेल्यांच्या संघाने पंचरंगीला तिच्या सगळ्यात अद्भुत खेळींपैकी एक दिली. 1943 चा डिसेंबर, ब्रेबर्न स्टेडियम, हिंदूंविरुद्ध अंतिम सामना. हिंदूंनी 5 बाद 581 वर डाव सोडला, विजय मर्चंट नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 धावांत आटोपला. फॉलोऑननंतर सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे खेळायला आले. संघाने एकूण 387 धावा केल्या, त्यांतल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या. एका भागीदारीत तर 300 धावा झाल्या आणि तिच्यात धाकटे बंधू विवेक यांचा वाटा होता 21. सामना डावाने गेला. पण त्या दिवशी मुंबईने उरलेल्यांपैकी एकाला डोक्यावर घेतलं. गांधीजींनी 1940 सालीच धर्मावर आधारलेल्या या सामन्यांबद्दल नापसंती उघड केली होती. 1946 मध्ये पंचरंगी बंद झाली. ती गेली ते उत्तमच झालं. हजाऱ्यांची खेळी कितीही देखणी असो, ज्या वहीत माणसाला ‘बाकी’ म्हणून नोंदवतात ती वही मिटायलाच हवी होती.

दोनच वर्षांनी इस्रायलची स्थापना झाली आणि बेने इस्रायल निघाले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज देशातले सगळे ज्यू मिळून पाच हजारही भरत नाहीत. इथल्या कुणी त्यांना हाकललं नव्हतं. जगात इतरत्र ज्यूंना जे भोगावं लागलं तसं काही या मातीत त्यांच्या वाट्याला आलं नाही, हे ते स्वतःच जगाला सांगतात, आणि मराठी माणूस म्हणून ते ऐकताना मला भरून येतं. प्रार्थनेत शतकानुशतकं जेरुसलेम होतं, म्हणून ते गेले.

गेल्यावर काय झालं? ज्या देशात सगळेच ज्यू, तिथे या ज्यूंना विचारलं गेलं, तुम्ही खरंच ज्यू आहात का? काही जण तर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच भेदभावाला कंटाळून, धरणं धरून भारतात परत आले. 1962 मध्ये तिथल्या धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल कुणाशी लग्न करत असतील तर आधी त्यांची वंशावळ तपासावी. राहबीच्या माशांची परीक्षा पुन्हा एकदा, या वेळी सरकारी कागदांवर. समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत.

नेमक्या याच दशकात त्या देशात क्रिकेट पुन्हा जिवंत झालं. ब्रिटिश अंमलात ते तिथे खेळलं जाई, ब्रिटिश गेल्यावर मरगळलं. साठच्या दशकात भारत, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंडमधून आलेल्या ज्यूंनी ते उभं केलं. 1968 साली इस्रायल क्रिकेट संघटना स्थापन झाली, 1974 साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं सहयोगी सदस्यत्व मिळालं. बीरशेबा, डिमोना, अशदोद, लोद, जिथे जिथे बेने इस्रायल वसले तिथे तिथे खेळपट्ट्या अंथरल्या गेल्या. डिमोना म्हणजे नेगेवचं वाळवंट. पावसाळ्यात खाडीचं पाणी अंगणात येणाऱ्या गावांची नावं लावणारी माणसं तिथे, पाऊस जवळजवळ नसलेल्या जागी, ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडायला पोरांना शिकवू लागली. आजूबाजूचा सगळा देश फुटबॉल आणि बास्केटबॉलसाठी वेडा. क्रिकेट म्हणजे काय हे शेजाऱ्याला समजावून सांगावं लागे. धर्मपीठाला ज्यू असल्याचा दाखला देणारी हीच माणसं हातात बॅट घेतली की भारतीय ठरत होती. मुंबईच्या मैदानावर ‘बाकी’ असलेल्यांना तिथे आपलं गाव सांगणारी ठळक खूण मिळाली ती क्रिकेटची.

जगाने मात्र त्यांच्याकडे फक्त इस्रायल म्हणून पाहिलं. 1979 साली इंग्लंडमध्ये पहिली आयसीसी ट्रॉफी झाली. श्रीलंकेने राजकीय कारणासाठी इस्रायलविरुद्ध उतरायला नकार दिला, गुण इस्रायलला गेले, आणि तरीही स्पर्धा श्रीलंकेनेच जिंकली. 1997 मध्ये क्वालालंपूरला इस्रायलचा संघ गेला तेव्हा त्यांच्या उपस्थितीविरुद्ध निदर्शनं झाली, पोलीस आले. मैदान जिंकण्याहारण्याच्या दृष्टीने पाहिलं तर इस्रायलच्या क्रिकेटची कामगिरी फार सामान्य आहे, ते खरं सांगायला हवं. पण खेळत राहणं हीच ज्यांची कामगिरी आहे असे संघ जगात असतात. त्यांच्याकडे विजयांचे आकडे पाहायला जाऊ नये.

ज्यूंनी कसोटी क्रिकेट खेळलंच नाही असंही नाही. दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज नॉर्मन गॉर्डन 1939 च्या डर्बनच्या दहा दिवस चाललेल्या कसोटीत खेळला आणि आठ चेंडूंच्या षटकांची 92 षटकं टाकून उरला. पहिल्याच कसोटीत तो धावत येताना प्रेक्षकांतून कुणीतरी ‘आला रे रब्बी’ (म्हणजे ज्यू धर्मगुरू) असं ओरडलं, त्याने डावात पाच बळी घेतले आणि तो आवाज बंद झाला, असं तो सांगत असे. वयाची शंभरी गाठणारा हा पहिला कसोटी क्रिकेटपटू, 103 वर्षं जगला. अली बाकरने 1970 मध्ये दक्षिण आफ्रिकेचं कर्णधारपद करताना ऑस्ट्रेलियाला 4-0 असं झोपवलं. ऑस्ट्रेलियाकडून ज्युलियन विनर सहा कसोटी खेळला. भारताच्या कसोटी संघात मात्र ज्यू खेळाडू आलेला नाही.

पण भारताने कसोटी क्रिकेटला ज्यू पंच दिला. ज्यूदा रूबेन. मुंबईचे, बेने इस्रायल. जन्म 1922 चा, म्हणजे ‘द रेस्ट’ संघ तयार झाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. सगळा समाज बांधाबांध करून निघाला होता त्या काळात ते इथे राहिले, आणि 1969 ते 1977 या वर्षांत दहा कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहिले. कसोटीत उभा राहिलेला ज्यू पंच म्हणून जगभर त्यांचंच एकट्याचं नाव घेतात. ज्या मुंबईत माणूस आधी कुठल्या धर्माचा आणि मग कुठल्या हाताने खेळणारा हे विचारत, त्या मुंबईतल्या ‘बाकी’ समाजातला माणूस पांढरा कोट घालून मध्यभागी उभा राहिला आणि दोन्ही बाजूंनी त्याचं बोट मानलं. मला यात फलंदाजाच्या शतकापेक्षा कमी काही दिसत नाही.

त्यांची खरी कसोटी 1977 च्या जानेवारीत मद्रासला लागली. टोनी ग्रेगचा इंग्लंड संघ पहिले दोन सामने जिंकून आला होता. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत जॉन लिव्हर या डावखुऱ्या नवोदित गोलंदाजाने 46 धावांत 7 बळी घेतले होते आणि त्याचा चेंडू इतका कसा वळतो याची कुजबुज तेव्हापासूनच चालू होती. चेपॉकवर उकाडा भयंकर. घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून इंग्लंडचे फिजिओ बर्नार्ड थॉमस यांनी बॉब विलिस आणि लिव्हर यांच्या कपाळावर व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. लिव्हरच्या पट्टीने काही जमेना, ती निघाली. ती पट्टी रूबेन यांच्या नजरेला आली. चिकट, तेलकट.

चेंडूला बाहेरचा कुठलाही पदार्थ लावून चकाकी आणणं नियमात बसत नाही. आता पंचाने काय करावं? दुर्लक्ष केलं तर आपला देश म्हणेल, गोऱ्यांना घाबरला. आरोप केला तर इंग्लंड म्हणेल, घरचा पंच घरच्यांना सामील. भारत मालिकेत मागे, मैदानात हजारो लोक, उद्याच्या वर्तमानपत्रांची शीर्षकं आधीच दिसणारी. रूबेन यांनी जे पाहिलं ते सांगितलं. पट्टी सापडल्याचं आणि तिच्यावर चिकट पदार्थ असल्याचं त्यांनी कळवलं आणि प्रकरण क्रिकेट मंडळाकडे गेलं. भारताचे कर्णधार बिशनसिंग बेदींनी उघड आरोप केला, लंडनची वर्तमानपत्रं पेटली, दोन्ही देशांत तारा धावल्या. शेवटी इंग्लंडच्या मंडळाने आपल्या खेळाडूंचा खुलासा मान्य केला आणि लिव्हरवर काही कारवाई झाली नाही. भारताचा दुसरा डाव 83 धावांत कोसळला, सामना आणि मालिकाही इंग्लंडने जिंकली.

त्या वादात बेदी भारताचे होते, ग्रेग इंग्लंडचा होता, आणि प्रत्येक बातमीदार कुणाच्या तरी बाजूचा. लिव्हरचा हेतू काय होता यावर आजही दोन मतं ऐकू येतात. ती पट्टी तिथे होती आणि तिला व्हॅसलीन होतं, यावर मात्र तेव्हाही दुमत झालं नाही. इंग्लंडचा सगळा खुलासाच तिथून सुरू होत होता.